सॅन बर्नार्डिनो ते कोरियाटाउन : साखळीबाहेरचं जेवण

शुक्रवार, आर्टेशिया

धाकट्या भावाचं घर लॉस एंजेलिसजवळ, सेरिटोसला. विमानतळावरून तिकडे येताना फ्रीवेच्या दोन्ही अंगांना उंच खांबांवर चढवलेल्या पाट्या दिसत राहतात. मॅक्डोनाल्ड्सची पिवळी कमान, टाको बेलची जांभळी घंटा, इन-एन-आउटचा वाकडा बाण. भरधाव गाडीतल्या भुकेल्या माणसाला एक्झिट यायच्या आधी दिसायला हवं, म्हणून त्या इतक्या उंच. खालच्या वस्तीत, बैठ्या दुकानांच्या रांगेत जी छोटी हॉटेलं आहेत, ती फ्रीवेवरून दिसतच नाहीत. या खेपेला मला तीच पाहायची होती.

संध्याकाळी पायोनियर बुलेव्हार्डला गेलो. आर्टेशियातल्या या रस्त्याला सगळे लिटल इंडिया म्हणतात. साड्या, सोनं, किराणा, मिठाई, डोसे, गुजराती थाळी, सगळं एका रांगेत. शेवपुरी खाता खाता मी जाहीर करून टाकलं, की मी इथे असेपर्यंत कुठल्याही चेनमध्ये, म्हणजे गावोगाव एकसारख्या शाखा असलेल्या हॉटेलात, जेवायचं नाही.

भावजयीला ते पटलं नाही. "ताई, असं सरसकट नका ना बोलू. मी नवी नवी इथे आले तेव्हा टाको बेल नसतं तर माझे फार हाल झाले असते." ती पक्की शाकाहारी. मेक्सिकन हॉटेलांत बीन्स बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भाताला कोंबडीचं पाणी घालतात. विचारावं तर आपलं इंग्रजी कच्चं आणि समोरच्याचंही. टाको बेलच्या बीन्समध्ये मात्र चरबी नसते, आणि त्यांच्या शाकाहारी पदार्थांना अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे. डॅलसला जा नाहीतर डेन्व्हरला, बीन बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेले बीन्स, निर्धास्त खावा. परदेशात आलेल्या माणसाला त्या निर्धास्तपणाची किंमत किती असते, हे ती सांगत होती आणि ते खोटं नव्हतं. नवख्या माणसाला, लहान मूल बरोबर असलेल्या आईला, रात्री अकराला कामावरून सुटलेल्याला चेनचा आधार असतो. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

भाचा इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "आत्या, टाको बेलचा टाको मुळात कुणाचा ते बघायचंय का? उद्या गाडी काढतो."

शनिवार, सॅन बर्नार्डिनो

सकाळी ९१ नंबरच्या फ्रीवेने निघालो. रिव्हरसाइड मागे पडलं की डोंगर जवळ येतात आणि गोदामं सुरू होतात. सॅन बर्नार्डिनो शहर आज थकलेलं दिसतं. शेजारच्या फोंटानातला कायझरचा पोलाद कारखाना १९८३ मध्ये बंद पडला, १९९४ मध्ये नॉर्टन हवाई तळ गेला, २०१२ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. रस्ते रुंद, माणसं कमी. पण जगभरातल्या फास्ट फूडची गंगोत्री इथे आहे, आणि त्याची फारशी खूण गावात कुणी जपलेली नाही.

आधी फोर्टीन्थ आणि ई स्ट्रीटच्या कोपऱ्यावर थांबलो. रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनाल्ड या भावांनी १९४० मध्ये इथे बार्बेक्यूचं हॉटेल काढलं. मुली गाडीपाशी येऊन ऑर्डर घेत, ताटं गाडीत आणून देत. धंदा उत्तम चालला असताना १९४८ मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं, मुलींना काढून टाकलं, लांबलचक मेनू छाटला आणि हॅम्बर्गर १५ सेंटला विकायला सुरुवात केली. स्वयंपाकघर कसं असावं हे त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने आखून, नोकरांना त्यात फिरवून, कोण कुणाला धडकतं ते बघून ठरवलं. एकाने फक्त बर्गर परतायचा, एकाने फक्त बटाटे तळायचे, एकाने फक्त मिल्कशेक. स्वयंपाक येणारा माणूस आता लागणारच नव्हता. १९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक इथे आला, त्याने हेच दुकान जगभर नेलं आणि पुढचं जगाला माहीत आहे.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट वेगळी आहे. १९६१ मध्ये क्रॉकने या भावांकडून २७ लाख डॉलरला सगळे हक्क घेतले. त्यांचं हे मूळ दुकान त्यांच्याकडेच राहिलं, पण त्यावर स्वतःचं आडनाव लावायचा अधिकार उरला नाही. त्यांनी नाव बदलून 'बिग एम' केलं. क्रॉकने जवळच नवं मॅक्डोनाल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत बिग एम बंद पडलं. मूळ इमारतही पाडली गेली. आज त्या जागेवर कंपनीशी संबंध नसलेलं एक खाजगी संग्रहालय आहे. ते उभं केलं आल्बर्ट ओकुरा यांनी, म्हणजे हुआन पोयो या इथल्याच रोस्ट चिकनच्या हॉटेलांच्या मालकाने. ते २०२३ मध्ये वारले. आत हॅपी मीलची खेळणी, जुने कप, गणवेश, फोटो यांची दाटी. मला तिथे फार वेळ थांबवेना.

मग रेल्वेच्या पलीकडे, माउंट व्हर्नन अॅव्हेन्यूवर. जुना रूट ६६ हा महामार्ग याच रस्त्याने जाई. मेक्सिकन वस्ती रुळांच्या या बाजूला. इथे मितला कॅफे १९३७ पासून आहे. लुसिया रॉड्रिग्ज यांनी ते सुरू केलं आणि आज त्यांच्याच घरातली पुढची पिढी चालवते.

चाळीसच्या दशकात या शहरातल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मेक्सिकन मुलांना बाकीच्यांबरोबर उतरू देत नसत. त्याविरुद्ध इथल्या लोकांनी लढा उभारला आणि १९४४ मध्ये फेडरल कोर्टात जिंकला. शाळांमधल्या वंशभेदावर सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला तेव्हा अजून दहा वर्षं होती. या लढ्याच्या बैठका मितलामध्ये होत. एवढ्या माणसांना एकत्र बसता येईल अशी आपली म्हणावी अशी दुसरी जागा त्यांना कुठली असणार? भाच्याने हे सांगितलं आणि मी मेनू खाली ठेवून आजूबाजूला पाहिलं. आजोबा, मुली, नातवंडं असं एक कुटुंब मोठ्या टेबलावर होतं, दोन पोस्टमन होते, चर्चमधून आल्यासारख्या नीटनेटक्या दोन म्हाताऱ्या होत्या.

युद्धानंतर ग्लेन बेल नावाच्या तरुणाने याच रस्त्यावर, मितलाच्या समोर, हॅम्बर्गरची टपरी टाकली. समोर टाकोसाठी, म्हणजे दुमडून सारण भरलेल्या मक्याच्या पोळीसाठी, लागणारी रांग त्याला रोज दिसायची. दुकान बंद केलं की तो रस्ता ओलांडून जेवायला यायचा, टाको कसा बनतो ते बघायचा. हळूहळू त्याने स्वतःच्या टपरीवर टाको विकायला घेतला. त्याला एकच अडचण होती : टोर्टिया, म्हणजे ती पोळी, ऐन वेळी तळून, गरम असताना दुमडायला हात आणि वेळ लागतो. त्याने तारेची चौकट करून घेतली आणि कवचं आधीच ढिगाने तळून ठेवू लागला. बाकी सगळं समोरच्यासारखंच : खिमा, चिरलेलं लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं पिवळं चेडर. आधी टाको टिया, मग एल टाको अशी दुकानं काढत तो १९६२ मध्ये टाको बेलवर आला. १९७८ मध्ये त्याने कंपनी पेप्सिकोला विकली. आज एकट्या अमेरिकेत टाको बेलची सात हजारांहून जास्त दुकानं आहेत. शिवाय त्याचेच मदतनीस आणि मित्र पुढे डेल टाको, वीनरश्निट्झेल, बेकर्स अशा चेन काढून बसले. एका रस्त्याच्या दोन बाजूंना एवढा इतिहास आहे.

भाच्याच्या ताटातला टाको मी नीट निरखला. कवच एकसारखं नव्हतं. तळताना फुगलेले बारीक बुडबुडे वरच्या कडेला होते, दुमडीपाशी टोर्टिया अजून मऊ होती, त्यामुळे पहिला घास घेतल्यावर ती उभी फुटून सगळं ताटात सांडलं नाही. चीजचा कीस इतका, की आतलं काहीच दिसेना. मी चीज एन्चिलाडा, म्हणजे चीज भरून गुंडाळलेली टोर्टिया, घेतला. वर लाल मिरचीचा रस्सा, विटकरी रंगाचा, जिभेवर आधी किंचित कडवट आणि मग हळूहळू चढत जाणारा. भावजयीने या वेळी सरळ विचारलं, कशात काय आहे. वाढणाऱ्या बाईंनी मेनू हातात घेऊन बोटाने एकेक पदार्थ दाखवला, एका ओळीवर थांबून आत जाऊन विचारून आल्या, आणि मग तिच्यासाठी काय करता येईल ते सांगितलं. यात आठ-दहा मिनिटं गेली. चेनच्या काउंटरवर हा वेळ कुणालाच दिलेला नसतो.

बेलने काही चोरलं असं मी म्हणणार नाही. पदार्थ कुणाच्या मालकीचा नसतो, आणि टाकोही मेक्सिकोतून निघून या घरापर्यंत आला होता. पण त्याने रस्त्यापलीकडून नेलं ते एवढंच, जे वजन करून पुडक्यात भरता येतं. तलावाच्या लढ्याची बैठक, आत जाऊन विचारून येणाऱ्या बाई, बुडबुडे आलेली टोर्टिया, हे त्याला नेता येण्यासारखं नव्हतं आणि त्याला ते नकोही होतं. मला राग येतो तो एका गोष्टीचा : ज्यांच्याकडून शिकला त्यांचं नाव या सात हजार दुकानांत कुठे नाही.

रविवार, डाउनी

घराजवळच, म्हणून उन्हं उतरल्यावर गेलो. लेकवुड बुलेव्हार्डवर जगातलं सगळ्यात जुनं, अजून चालू असलेलं मॅक्डोनाल्ड्स आहे, १९५३ सालचं. क्रॉक यायच्या आधी मॅक्डोनाल्ड भावांकडूनच परवाना घेऊन काढलेलं, त्यामुळे क्रॉकच्या कंपनीशी त्याचा करार नव्हता आणि १९९० पर्यंत ते वेगळंच राहिलं. कंपनीने घेतलं आणि १९९४ च्या भूकंपानंतर बंद केलं. पाडणार, असं दिसल्यावर जुन्या वास्तू जपणारे लोक उभे राहिले आणि १९९६ मध्ये ते डागडुजी होऊन पुन्हा उघडलं. लालपांढऱ्या टाइल्स, छताच्या आरपार गेलेल्या दोन पिवळ्या कमानी, निऑनमधला धावणारा स्पीडी नावाचा आचारी. देखणी इमारत आहे. बर्गर मात्र आर्टेशियातल्यासारखाच, बोस्टनमधल्यासारखाच, असं भाच्याने खाऊन सांगितलं. मी कॉफी घेतली आणि माझा शुक्रवारचा निर्धार तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. वास्तूला मान द्यायचा होता.

पहिलं टाको बेलही डाउनीतच होतं. ती चिमुकली इमारत २०१५ मध्ये एका रात्री ट्रकवर चढवून अर्व्हाइनला, कंपनीच्या मुख्यालयात नेली. इथे पाहायला काही उरलेलं नाही.

सोमवार, डाउनटाउन

लँगर्स रविवारी बंद असतं आणि इतर दिवशीही दुपारी चारला बंद होतं, म्हणून डाउनटाउन सोमवारी ठेवलं होतं. मेट्रोने गेलो. वेस्टलेक / मॅकआर्थर पार्क स्टेशनातून वर आलं की जवळच, आल्व्हाराडो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ही ज्यू डेली, म्हणजे ज्यू पद्धतीचं सँडविच-सूपचं हॉटेल. अल लँगर यांनी १९४७ मध्ये काढली, आज त्यांचा मुलगा चालवतो. भोवतालची वस्ती कधीच बदलली, ज्यू गिऱ्हाईक दूर उपनगरांत गेलं, मध्य अमेरिकेतले लोक राहायला आले, बाग गुंडगिरीसाठी बदनाम झाली. १९९३ मध्ये मेट्रो आली आणि ऑफिसातले लोक दुपारी जेवायला येऊ लागले, त्यावर दुकान तगलं. २०२४ मध्ये मालकांनी उघड सांगितलं, की आसपासची अवस्था सुधारली नाही तर दुकान बंद करावं लागेल. बातमी झाली, महापौर भेटायला आल्या. एखादी चेन अशा वेळी काय करते? नकाशावरची एक टाचणी काढते आणि दुसरीकडे टोचते. लँगर्सला दुसरीकडे जायला जागाच नाही, म्हणून ते भांडलं. वस्तीला असा भांडणारा दुकानदार हवा असतो.

इथली ख्याती पास्ट्रामीची, म्हणजे मसाला लावून खारवलेल्या, धुरी दिलेल्या मांसाची, आणि ते गोमांस, म्हणून मी मात्सो बॉल सूप घेतलं : कोंबडीचं स्वच्छ पाणी, त्यात मुठीएवढा मऊ गोळा. भाच्याने प्रसिद्ध एकोणीस नंबरचं सँडविच मागवलं. पास्ट्रामी तासन्‌तास वाफवलेली, यंत्राने न कापता सुरीने जाड कापलेली. राय ब्रेड इथे आणल्यावर पुन्हा भट्टीत घालतात, मग हाताने कापतात. मी नुसत्या ब्रेडचा तुकडा घेतला. कवच इतकं कडक की दातांखाली आवाज होतो आणि आतला भाग गरम, ओलसर. ब्रेडवर एवढी मेहनत कुठल्याही हिशोबात बसत नाही.

लँगर्सच्या खिडकीत निळ्या अक्षरातलं 'ए' लिहिलेलं कार्ड होतं. लॉस एंजेलिस काउंटीत १९९८ पासून हॉटेलांना तपासणीनंतर ए, बी किंवा सी मिळतं आणि ते दारात लावावंच लागतं. मितला हे या काउंटीच्या बाहेर, पण इथली टपरीवजा दुकानं असोत की चेन, कार्ड एकच, कसोटी एकच. 'चेनमध्ये निदान स्वच्छता तरी असते' असं आपल्याकडचे लोक इथे आल्यावर म्हणतात, त्यांनी दारातलं कार्ड आधी वाचावं.

संध्याकाळी युनियन स्टेशनजवळ फिलिपे. १९०८ सालचं. या जागेत ते १९५१ पासून आहे, कारण आधीच्या जागेवरून फ्रीवे गेला. फ्रीवेने एकीकडे चेनना जन्म दिला आणि दुसरीकडे हे दुकान उठवलं. जमिनीवर लाकडाचा भुसा, लांबच लांब टेबलं, कुणाच्याही शेजारी कुणीही बसायचं. काउंटरमागे ओळीने उभ्या बायका मांस कापून, पाव रसात बुडवून देतात. या फ्रेंच डिप सँडविचसाठी इथे गाईशिवाय डुक्कर, टर्की आणि मेंढीही मिळते. मी मेंढीचं घेतलं. टेबलावरची मोहरी मात्र जपून. नाकातून थेट टाळूपर्यंत जाते. शेजारी रेल्वेचा गणवेश घातलेला एक गृहस्थ होता. त्याने न विचारता बाटली माझ्यापुढे सरकवली आणि बोटाने दाखवलं, एवढीशीच घे. त्याच्याशी गप्पा सुरू झाल्या त्या पाऊण तास चालल्या.

जाताना भावाने एक मुद्दा काढला. तो अनेक छोट्या धंद्यांचे हिशोब बघतो. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून देशभरात साठ किंवा जास्त शाखा असलेल्या फास्ट फूड चेनना ताशी किमान २० डॉलर पगार द्यावा लागतो. बाकीच्यांना त्या वेळी १६ डॉलरचं बंधन होतं. "कायदा छोट्यांना सूट देतो असं दिसतं, पण ताई, भांडी घासणारा माणूस चार डॉलर जास्त कुठे मिळतात ते बघणारच ना? मग छोट्यालाही वीसच द्यावे लागतात." त्यात भाड्याचं वेगळंच. नवं शॉपिंग सेंटर बांधणाऱ्याला बँकेकडून कर्ज हवं असतं. भाडेकरूंत मोठी चेन असेल तर पंधरा-वीस वर्षांचं भाडं नक्की, बँक खूश. एका कुटुंबाच्या हॉटेलावर तेवढा भरवसा कोण ठेवणार? चांगल्या कोपऱ्यावरची जागा चेनला जाते, त्यात चवीचा काही संबंध नसतो. कामगाराला वीस डॉलर मिळाले याचा मला आनंदच आहे. पण छोट्यांचं भाडं आटोक्यात ठेवणारा कायदा कुणी का करत नाही, हा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला.

मंगळवार, कोरियाटाउन

मग छोटी हॉटेलं टिकतात कुठे, याचं उत्तर आज गाडीतून दिसलं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर या शहरात चौकाचौकातले पेट्रोल पंप बंद पडले. त्या जागांवर इंग्रजी एल आकाराच्या दुमजली दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या, पुढ्यात थोडंसं पार्किंग. त्यांना मिनी मॉल म्हणतात. दिसायला कुरूप, पाट्यांची खिचडी, भाडं तुलनेने कमी. कोरियन, थाई, साल्वादोरन, आर्मेनियन, इथिओपियन, ज्याला स्वतःच्या गावचं रांधून विकायचं आहे तो इथे शिरला. जोनाथन गोल्ड या समीक्षकाने आयुष्यभर असल्या मिनी मॉलमधल्या खाण्यावर लिहिलं, आणि २००७ मध्ये हॉटेलांवर लिहिणाऱ्याला मिळालेलं पहिलं पुलित्झर त्याला मिळालं. २०१८ मध्ये तो गेला. शहराने उंच पाट्यांवरून नजर खाली आणावी, यासाठी त्याच्याएवढं कुणी केलं नसेल.

दुपारी ऑलिम्पिक बुलेव्हार्डवर गेलागेत्साला. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या लोपेझ कुटुंबाने १९९४ मध्ये सुरू केलेलं हॉटेल. इमारत मात्र कोरियन वळणाची, उतरत्या कौलांची. सत्तरच्या दशकात इथे व्हीआयपी पॅलेस नावाचं कोरियन हॉटेल होतं, आणि कोरियाटाउन वसवणाऱ्यांपैकी 'ही डुक ली' नावाच्या गृहस्थांनी कोरियाहून कौलं आणवून ते बांधलं होतं. आता भिंती केशरी आणि आत ओआहाकाचं जेवण. मोले नेग्रो मागवलं. मिरच्या जवळजवळ जाळून, तीळ, सुकामेवा, मसाले, थोडं चॉकलेट घालून केलेला काळा रस्सा, कोंबडीवर ओतलेला. पहिल्या घासाला मला माझ्या आईचा काळा मसाला आठवला. मिरची करपण्याच्या अगदी काठावर नेऊन थांबवायची, हे दोन्हीकडच्या बायकांना ठाऊक. भावजयीने विचारून विचारून चीज आणि बीन्सची त्लायुदा घेतली, हातभर व्यासाची कुरकुरीत टोर्टिया. ती आम्हा सगळ्यांना पुरली.

बाहेर पडताना काउंटरवर मोलेच्या बरण्या विकायला दिसल्या. भाचा लगेच म्हणाला, "बघ आत्या, हेही पुडक्यात भरायला लागले. उद्या यांचीही चेन होईल."

होईलही. इन-एन-आउटसुद्धा १९४८ मध्ये बाल्डविन पार्कला एका नवराबायकोनेच काढलं. आज शेकडो शाखा आहेत, पण त्यांनी परवाने विकले नाहीत आणि मालकी घरातच ठेवली. माझा झगडा शाखांच्या आकड्याशी नाहीच. मोलेच्या बरणीवर ते बनवणाऱ्यांचं नाव होतं आणि पैसे त्यांच्याच गल्ल्यात पडले. माउंट व्हर्ननवरच्या रॉड्रिग्ज बाईंना ते मिळालं नव्हतं. मी दोन बरण्या घेतल्या, एक पुण्याला न्यायला आणि एक भावजयीला. तिने लेबलवरचे जिन्नस तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाली, यात चरबी नाही, शनिवारी वांग्यावर घालून बघते.